बजेट नको, गोष्ट द्या

बंगळूरला, आमच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये सिरीज बघत नसत, तपासत असत. तिथे राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी हे माझ्या लक्षात आलं. त्याआधी मला वाटायचं, एखादी गोष्ट आवडली की माणूस तिचा चाहता होतो. तसं नसतं. आधी चाहता व्हायचं असतं, आणि मग ती गोष्ट का आवडली नाही ते शोधून काढायचं असतं.

फ्लॅट दोन तायांचा होता. एक पुण्याची, एक नागपूरची. दोघी आयटीत, दोघी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी ॲनिमेशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. खिडकी असलेली अडगळीची खोली मला मिळाली, कारण माझं कॉलेज जवळ होतं आणि मला मराठी येत होतं. पुण्याची ताई सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत काय चुकलंय हे शोधण्याचा तिला पगार मिळतो, आणि शनिवार-रविवारी हेच काम ती घरी विनामूल्य करते. नागपूरची ताई नेमकं काय करते हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं होतं, तिने प्रेमाने समजावूनही सांगितलं होतं. ती मीटिंगमध्ये असते, एवढं मला समजलं.

बंगळूरमधल्या मराठी विज्ञानकथाप्रेमींचा एक ग्रुप आहे आणि त्या ग्रुपचं एक पेज आहे. दोन्ही या दोघी चालवतात. टीव्ही त्यांच्याकडे सगळ्यांत मोठा, म्हणून रविवारी इडलीवड्यानंतर चार-पाच जण आमच्या हॉलमध्ये जमायचे. रिमोट पुण्याच्या ताईकडे. पडद्यावर काही खटकलं की ती चित्र थांबवायची, सगळे उठून टीव्हीजवळ जायचे, आणि मग ठरायचं की चूक गंभीर, मध्यम की किरकोळ. ऑफिसात असंच करतात म्हणे. एकदा अंतराळवीराच्या हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ का धरली नाही यावर इतका वाद झाला, की तो अंतराळवीर दरम्यान मरण पावला हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या भागात तो दिसेना तेव्हा ही पटकथेतली गंभीर चूक म्हणून धरण्यात आली.

आणखी एक. सगळं दीडपट वेगाने बघायचे, कारण वेळ कोणाकडे आहे. आणि बघून झाल्यावर सगळ्यांचं एकमत व्हायचं की कथेला विसावा नाही, पात्रं नुसती धावतात.

त्या वर्षी जी नवी सिरीज येणार होती, तिच्याबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं. गोष्ट कशाची, कोण लिहितंय, काही नाही. फक्त तिचं बजेट जाहीर झालं होतं, आणि ते मात्र सगळ्यांना पाढ्यासारखं तोंडपाठ होतं. आपल्या देशात एवढ्या खर्चाची विज्ञानकथा झालीच नाही, असं निर्मात्यांनी सांगितलं होतं. ही त्यांची चूक. आमच्या ग्रुपने तो आकडा घरखर्चाला दिलेल्या पैशांसारखा मनावर घेतला, आणि पहिल्या भागापासून हिशेब मागायला सुरुवात केली.

यान उडालं तेव्हा नागपूरची ताई म्हणाली, "हे तर इडलीपात्र उडून राहिलं, बाप्पा."

अंतराळवीरांचे पोशाख चिकपेटेच्या कापडबाजारातल्या अस्तराच्या कापडाचे आहेत असं पुण्याच्या ताईने जाहीर केलं. चूक मध्यम. परग्रहावरची वनस्पती कोणाच्या तरी बाल्कनीतली आहे असं निघालं. चूक गंभीर, कारण तशीच कुंडी आमच्याही बाल्कनीत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायचे आणि हसायचे. म्हणजे सगळे हसले की हसायचे. कारण मी त्या सिरीजवर काम केलेलं होतं.

काम हा शब्द मला जरा मोठा वाटतो. राजाजीनगरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक छोटा स्टुडिओ आहे. मोठ्या स्टुडिओंना जे करायला वेळ नसतो ते काम तिथे येतं. मी तिथे इंटर्न होते. चालत्या चित्रातल्या माणसाभोवती रेघ आखून त्याला मागच्या पडद्यापासून सुटं काढायचं, पुढच्या फ्रेममध्ये तो जरा हलला की रेघ जरा हलवायची, मग पुढची फ्रेम. याला रोटो म्हणतात. मारतहळ्ळीहून बस, मग मेट्रो, मॅजेस्टिकला उतरून दुसरी मेट्रो, एवढा प्रवास करून मी दिवसभर एका नटीच्या केसांभोवती रेघ आखत असे. तिने केस मोकळे सोडले होते आणि समोर पंखा लावलेला होता. माझी जवळजवळ सगळी इंटर्नशिप त्या केसांत गेली.

सुरुवातीलाच आमच्याकडून एक कागद सही करून घेतला होता, की सगळे भाग येईपर्यंत यातलं काही कोणाला सांगायचं नाही. आमच्या घरात सही ही क्वचित आणि घाबरत करायची गोष्ट आहे. माझे वडील कऱ्हाडच्या पुढे हायवेवर पंक्चर काढतात. माझ्या प्रवेशाच्या कागदांवर सही करताना त्यांनी आधी हात धुतले होते. त्यामुळे मी तो कागद मनापासून पाळला. तायांनाही सांगितलं नाही.

स्टुडिओचे मालक राजाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे आजोबा इथे आले, तेव्हापासून त्यांच्या मराठीत कानडी येऊन राहिली आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आणि ते आम्हा सगळ्या मुलींना अक्का म्हणतात, वय काहीही असो. इंटर्नशिप संपताना त्यांनी मला बसवून सांगितलं, "स्वल्प सरळ बोलतो, अक्का. दुसरा सीझन आला आणि त्याचं काम आपल्याकडे आलं, तर तू राहिलीस. नाही आलं, तर मी तुला कशावर ठेवू?"

गावाकडे वडिलांनी माझ्यासाठी पतसंस्थेत कॉम्प्युटरवर एक जागा बघून ठेवली होती. तिथल्या चेअरमनच्या गाडीची चाकं वर्षानुवर्षं त्यांनी सांभाळली होती आणि त्या बदल्यात त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. दसऱ्यापर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. वडील जबरदस्ती करत नव्हते. ते फक्त दर फोनला विचारायचे, की तुझं ते सिनेमाचं काय झालं. ते सिरीज म्हणत नसत.

तेव्हा माझं सगळं दुसऱ्या सीझनवर अवलंबून होतं, आणि दुसरा सीझन, थोडाफार तरी, आमच्या हॉलमधल्या माणसांवर. अशी माणसं गावोगावच्या हॉलमध्ये बसलेली होती. मी त्यांना चहा करून देत होते.

शिवाय व्हिडिओ. ग्रुपच्या पेजवर दर भागानंतर एक टिंगलीचा व्हिडिओ टाकायचा असं ठरलं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "तू ॲनिमेशन शिकतेस ना," पुण्याची ताई म्हणाली, "तुला तर हे चुटकीसरशी येत असेल." मला नाही म्हणता आलं नाही. भाड्यात मला त्या सवलत देत होत्या, आजारी पडले तर खिचडी करून देत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या मला आवडत होत्या. म्हणून मी आठवडाभर कॉलेज करून शनिवारी आमच्याच यानाच्या बाजूला इडलीपात्राचं चित्र लावत असे. काम नीट व्हावं म्हणून वाफही दाखवली होती. लोकांना वाफ फार आवडली.

शेवटून दुसऱ्या भागात ते दृश्य आलं.

आटलेलं तळं आहे. जमीन भेगाळलेली, उन्हं कललेली. यान निघून गेलेलं आहे आणि मागे राहिलेली ती बाई तळ्यातून एकटी चालत येते, केस वाऱ्यावर. संवाद नाही. मी हातात ट्रे घेऊन दारात उभी होते. मला कुठल्या फ्रेममध्ये काय कच्चं राहिलंय ते माहीत होतं. डाव्या कानाजवळची एक बट मला कधीच नीट जमली नव्हती. मी पुण्याच्या ताईच्या अंगठ्याकडे बघत होते.

अंगठा हलला. पण चित्र थांबलं नाही. तिने वेग कमी करून साधा केला. मग रिमोट सोफ्यावर ठेवून दिला. वड्याकडे कोणाचा हात गेला नाही. दृश्य संपल्यावर तिने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. नागपूरच्या ताईने डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला.

मला वाटतं, त्या दोन-चार मिनिटांत मला जेवढा आनंद झाला तेवढा पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

मग पुण्याची ताई म्हणाली, "बघा. याला म्हणतात गोष्ट सांगणं. इथे एक पैसा ग्राफिक्सवर घातलेला नाही. खरी जागा, खरा उजेड, एक बाई. संपलं. बाकीचे कोटी त्यांनी इडलीपात्रात घातले."

सगळ्यांना हे एकदम पटलं. बोलता बोलता जागाही ठरली. नागपूरच्या ताईने सांगितलं की हे तळं कोलारकडचं आहे, ती ऑफिसच्या सहलीला तिथे जाऊन आलेली आहे. एकाला तिथलं वडाचं झाडही आठवलं, ते फ्रेमच्या जरासं बाहेर होतं म्हणे.

खरं असं होतं की ती बाई एका गोदामात, चिकपेटेतून ताग्याने आणलेल्या हिरव्या कापडासमोर चालली होती. तळं, भेगा, ऊन आणि आकाश आमच्या स्टुडिओतल्या दोघांनी बनवलं होतं. ते दोघेही कोलारला गेलेले नाहीत.

त्या आठवड्याचा व्हिडिओ टिंगलीचा नव्हता. ग्रुपला आता निर्मात्यांना मार्ग दाखवायचा होता. पुण्याच्या ताईने घोषणा दिली, 'बजेट नको, गोष्ट द्या', आणि मला सांगितलं की एका बाजूला यान लाव आणि लिही, हे नको. दुसऱ्या बाजूला तळं लाव आणि लिही, हे हवं. दुसऱ्या सीझनमध्ये ग्राफिक्स बंद करा, खऱ्या जागी जाऊन शूटिंग करा, अशी मागणी होती. मी कॉम्प्युटरसमोर बराच वेळ नुसती बसले. मग लावलं. चांगलं लावलं. संगीत कुठे थांबवायचं ते मला बरोबर सुचलं. स्वतःच्या कामाचा एवढा गौरव आणि स्वतःच्या नोकरीचा एवढा पक्का बंदोबस्त एकाच व्हिडिओत करणारी मी बहुधा पहिलीच असेन.

तो व्हिडिओ खूप पसरला. इतर पेजांनी उचलला, इतर भाषांत गेला. तामिळमध्ये आमची घोषणा जास्त चांगली वाटत होती.

शेवटचा भाग आला आणि माझा कागद संपला. त्या रविवारी सगळे गेल्यावर मी तायांना सांगायचं ठरवलं. श्रेयनामावलीत आमच्या स्टुडिओचं नाव येईल, ते दाखवता येईल, असा माझा बेत होता. पण श्रेयनामावली सुरू झाली की ॲप ती कोपऱ्यात बारीक करून पुढचं काहीतरी लावायला बघतं, आणि ॲपने नाही केलं तर पुण्याची ताई करते. मी तसंच सांगून टाकलं, की तळ्याचं दृश्य खरं नाही, सगळं बनवलेलं आहे आणि त्यातले केस मी कापलेत.

"केस कापलेस?" पुण्याची ताई म्हणाली.

मी समजावून सांगितलं. हिरवं कापड, रेघ, फ्रेम, सगळं. नागपूरच्या ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मेहनत केली असशील गं, मी नाही म्हणूनच नाही राहिली," ती म्हणाली. "पण ते तळं मी पाहून आलेली आहे. तिथे मी कणीस खाल्लं."

कणीस म्हणजे पुरावाच. पुण्याच्या ताईने जास्त न्यायाने विचार केला. ती म्हणाली की कंपन्या इंटर्न लोकांना सगळं खरं सांगत नाहीत, सरावासाठी काहीतरी देतात, तिच्याही कंपनीत देतात, आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मग तिने मला श्रीखंड दिलं. मी खाल्लं. इतकं चांगलं काम केलं होतं की ते केलेलंच नाही असं सिद्ध झालं होतं, आणि श्रीखंड केशराचं होतं.

माझं कॉलेज संपलं, आणि नवरात्राच्या तोंडावर निर्मात्यांनी जाहीर केलं. दुसरा सीझन येणार. आम्ही चाहत्यांचं ऐकलं आहे, असं त्यांनी नम्रपणे म्हटलं होतं. खऱ्या जागी शूटिंग, ग्राफिक्स कमीत कमी, गोष्टीला महत्त्व. आमच्या हॉलमध्ये जल्लोष झाला. एवढी मोठी माणसं आपल्या ग्रुपचं ऐकतात यावर नागपूरची ताई फोनवर आपल्या आईशी बराच वेळ बोलत होती. मी माझ्या खोलीत जाऊन पतसंस्थेत कुठलं सॉफ्टवेअर वापरतात ते शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला, येऊन जा. मला वाटलं, चांगल्या घरातला माणूस आहे, तोंडावर नाही सांगायला बोलावलंय. मी इंटर्नशिपचं ओळखपत्र परत द्यायला बरोबर घेतलं. मेट्रोत उभ्या उभ्या मी वडिलांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

अण्णा कॉफी पीत होते. त्यांनी माझ्यापुढेही कप सरकवला आणि विचारलं की कधीपासून येतेस. मी म्हटलं, पण ते तर ग्राफिक्स बंद करणार आहेत. ते इतके हसले की त्यांना कप खाली ठेवावा लागला.

"अक्का, गोदामात काय असतं? एक बाई आणि एक कापड. खऱ्या जागी काय असतं? विजेच्या तारा, मोबाइलचा टॉवर, पाण्याचा टँकर, कुत्री, बिर्याणीचे डबे, शूटिंग बघायला आलेलं अख्खं गाव. हे परग्रह आहे म्हणून दाखवायचंय त्यांना. काढणार कोण? मागच्यापेक्षा तिप्पट काम आहे. सरी, ठरलं तर, सोमवारी ये."

मी सोमवारी येते म्हणाले. ओळखपत्र पिशवीतच राहिलं.

तिथूनच, जिन्यात उभी राहून, मी वडिलांना फोन केला. त्यांच्या मागे हवा भरायच्या मशीनचा आवाज चालला होता. मी सांगितलं की पतसंस्थेला नाही कळवा, मला इथे कायमचं घेतलं. त्यांनी काम काय आहे ते विचारलं. या वेळी मी रोटो वगैरे काही म्हटलं नाही. चित्रात जे नको आहे ते खोडायचं, असं सांगितलं.

"खोडायचा पगार देतात?"

"देतात, बाबा."

मशीन बंद झालं. "खोडाखोड पतसंस्थेतही असते," ते म्हणाले, "पण तिथं धरतात. तू तिथंच राहा."

शूटिंग खरोखरच कोलारकडच्या एका तळ्यावर झालं. मागच्या सीझनमधलं दृश्य तिथलंच अशी एवढी बोलवा झाली होती, की निर्मात्यांनाही ती जागा बघावीशी वाटली असावी. आमचा ग्रुप गाडी करून गेला. मला कामामुळे जाता आलं नाही. दोघी ताया उन्हाने लाल होऊन परत आल्या, फ्लास्क रिकामा, चिवड्याचा डबा रिकामा. नागपूरच्या ताईने मुद्दाम नारिंगी ओढणी घेतली होती, म्हणजे दुरून ओळखू यावं. कॅमेरा सगळ्या काठावरून फिरला आणि आमच्यावरूनही फिरला, असं तिने आईला, बहिणीला आणि ऑफिसच्या ग्रुपला कळवलं. पुण्याच्या ताईने पहिल्यांदाच कशाला गंभीर, मध्यम काही म्हटलं नाही. ती नुसती म्हणत होती, तिथे उभं राहिलं की कळतं गं, खरं ते खरंच.

काही आठवड्यांनी तो शॉट माझ्याकडे आला. ते कोणी मुद्दाम केलं नव्हतं, माझ्या वाट्याच्या कामातच तो होता. तळ्याच्या पलीकडच्या काठावर माणसांची रांग, दाण्याएवढी. मी चित्र मोठं केलं. नारिंगी ठिपका सापडला. त्याच्या शेजारी दोन्ही हात वर करून फोन धरलेली एक आकृती, ती पुण्याची ताई. ती शूटिंगचं शूटिंग करत होती. मी जरा वेळ तशीच बघत बसले. इतक्या लांबूनही त्या आनंदात आहेत हे दिसत होतं.

मग मी डाव्या बाजूने सुरुवात केली. टॉवर, टँकर, कुत्रं. ओढणी वाऱ्यावर उडत होती, म्हणून तिला वेळ लागला. उडणाऱ्या गोष्टींचा मला सराव आहे. अण्णांनी मागून येऊन पाहिलं आणि पाण्यातलं प्रतिबिंबही काढायला सांगितलं. तेही काढलं.

त्या रविवारी फ्लॅटमध्ये इडल्या होत्या. काम कसं दिसतंय म्हणून पुण्याच्या ताईने विचारलं. नवा कागद सही केलेला होता, मी मान हलवली. नागपूरच्या ताईने चटणी माझ्याकडे सरकवली.

"बाकी काही नको सांगू, पण एवढं सांग. आपलं तळं खरं वाटून राहिलं ना?"

"अगदी खरं, ताई," मी म्हणाले. "चिटपाखरूही नाही तिथे."